शतांशरावांच्या तिजोरीचे दहा प्रयत्न

शुक्रवार, दिनांक बावीस मे, दुपारी तीन वाजून सात मिनिटे. तिजोरीचे एकूण प्रयत्न दहा, वाया गेलेले तीन, शिल्लक सात.

ही नोंद शतांशरावांनी टोक काढलेल्या पेन्सिलीने कागदाच्या उजव्या कोपऱ्यात केली आणि तिच्याखाली पट्टी धरून रेघ मारली. घराला आग लागली तर हा मनुष्य आधी ज्वाळांची उंची टिपून घेईल आणि मग पाण्याची बादली शोधेल, असे त्यांच्या पत्नीचे जुने मत होते. आज ते मत त्यांनी बोलून दाखवले नाही, यावरूनच प्रसंग किती बाका होता हे कळावे.

शतांशराव हे त्यांचे पाळण्यातले नाव नव्हे. पंप तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात त्यांनी एकतीस वर्षे काढली, आणि तेवढ्या काळात मिलिमीटरच्या एका शतांशासाठी त्यांनी इतका माल परत पाठवला की कारागिरांनी चिडून हे नाव ठेवले. पुढे निरोप समारंभात खुद्द व्यवस्थापकांनीच भाषणाच्या भरात त्याचा उच्चार केला, टाळ्या पडल्या आणि शिवीची पदवी झाली.

तिजोरी म्हणावी तर तीही लोखंडाची नव्हती. घरातल्या चार माणसांचे मिळून एकेचाळीस पासवर्ड ज्या एका संगणकीय पेटीत ठेवले होते, तिला शतांशराव तिजोरी म्हणत. पेटी उघडण्यासाठी एक मुख्य पासवर्ड लागे. जगातल्या इतर कुटुंबांनी तो एक पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून विषय संपवला असता. शतांशरावांनी मात्र त्याचे चार भाग पाडले. एक स्वतःकडे, एक पत्नीकडे, एक मुलाकडे आणि एक सुनेकडे. प्रत्येकाने आपापला भाग आकड्यांत ठरवायचा, कोणाला सांगायचा नाही, कोठे लिहायचा नाही. पेटी उघडायची वेळ आली की वयाच्या क्रमाने एकेकाने पुढे येऊन आपला भाग टाइप करायचा, आणि तोवर बाकीच्या तिघांनी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

"म्हणजे आपल्यापैकी एकाला जरी सर्दी झाली तरी घर बंद," असे मुलगा तेव्हाच म्हणाला होता.

"यालाच सुरक्षितता म्हणतात," असे उत्तर त्याला मिळाले होते.

हा सोहळा रविवारी, अकरा जानेवारीला सकाळी सात वाजता पार पडला. पेटी तीन वेळा उघडून आणि तीन वेळा मिटून पाहिली गेली. तिन्ही वेळा ती निमूटपणे उघडली. मग शतांशरावांनी मुलाचा विरोध मोडून काढून आणखी एक कळ दाबली: ओळीने दहा वेळा चुकीचा पासवर्ड पडला तर पेटीने आपल्या पोटातले सर्व काही कायमचे पुसून टाकावे. त्यानंतर साडेचार महिने पेटीला कोणी हात लावला नाही. लावण्याची गरज पडली नाही. गरज पडली ती आज.

पत्नीचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू होता; आयुष्यभर सगळा कारभार उजव्याने चालवला, आणि आता त्या उजव्यावर मोतीबिंदू पिकला होता. गेल्या आठवड्यात त्यांनी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना "अहो, घ्या की जरा!" म्हणून भाजीची पिशवी दिली, आणि सभ्य माणूस तो, त्याने ती मुकाट्याने दारापर्यंत आणून दिली. त्यावर घरात हसून झाले. पण परवा त्या चहाची किटली कपाच्या शेजारी रिती करत राहिल्या, आणि तेव्हा कोणी हसले नाही. नेत्ररुग्णालयाच्या यादीत त्यांचे नाव सात महिने तळापासून वर सरकत होते. आज एक वाजता निरोप आला: सोमवारी सकाळी आठ वाजता शस्त्रक्रिया; संकेतस्थळावर जाऊन आज पाच वाजेपर्यंत होकार नोंदवावा; न नोंदवल्यास जागा पुढच्या रुग्णाला जाईल आणि आपले नाव यादीच्या शेवटी लागेल.

संकेतस्थळ उघडले, तर ते पासवर्ड मागू लागले. पासवर्ड तिजोरीत होता. सून रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिला फोन करून बोलावून घेतले. ती स्कूटरवरून धापा टाकत आली. चौघांनी तीन वेळा रीतसर भिंतीकडे तोंडे केली, आणि तिन्ही वेळा तिजोरी उघडली नाही.

आता सात.

"रुग्णालयाला फोन लावा," पत्नी म्हणाल्या. "माणसाशी बोला. माणसाला डोळे असतात."

तीन वाजून चोवीस मिनिटांनी पलीकडून एका बाईंचा आवाज आला. आवाज अत्यंत गोड होता, आणि गोड आवाजाची माणसे नियमाला पक्की असतात हा शतांशरावांचा कारखान्यातला अनुभव होता.

"होकार तोंडी घेता येत नाही, आजोबा. सिस्टीम स्वीकारत नाही. पासवर्ड विसरलात का?"

"मी काही विसरलेलो नाही. तो सुरक्षित आहे."

"मग टाका की."

"तो इतका सुरक्षित आहे की सध्या मिळत नाही."

"बरं, नवीन पासवर्डची लिंक ईमेलवर पाठवू?"

"ईमेलचा पासवर्डही त्याच तिजोरीत आहे."

"मग मोबाइलवर पाठवते."

"हां, हे चालेल!" मुलगा मागून ओरडला.

"नाही चालणार," बाई पडद्यावर वाचत म्हणाल्या. "मोबाइलची सोय तुम्ही स्वतः बंद केली आहे. अकरा जानेवारी, सात वाजून चाळीस मिनिटं."

मुलाने वडिलांकडे पाहिले. शतांशरावांनी छताकडे पाहिले. छताला एक बारीक तडा गेलेला त्यांच्या ध्यानात आला. लांबी सुमारे तेवीस सेंटिमीटर.

"काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "ओळख पटवायला प्रश्न असतात. तुमचं जन्मगाव?"

शतांशरावांनी जन्मगाव सांगितले.

"चुकीचं आहे."

"माझं जन्मगाव चुकीचं आहे?"

"इथे वेगळं लिहिलंय."

"बाई, मी तिथे जन्मलो तेव्हा माझी आई तिथेच होती!"

"असेल हो. पण इथे बावीस अक्षरं आहेत, मधेमधे आकडे आहेत आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे."

तेव्हा त्यांना आठवले. जन्मगाव, पहिली शाळा, आवडता रंग या गोष्टी चोराला सहज समजू शकतात. सबब त्या प्रश्नांची खरी उत्तरे देणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय, असा विचार करून त्यांनी तिन्ही उत्तरे संगणकाकडून मनमानी बनवून घेतली होती. ती उत्तरे अर्थातच तिजोरीत होती.

"आवडता रंग?" बाईंनी आशेने विचारले.

"राहू द्या," शतांशराव खचून म्हणाले.

"पेशंटने स्वतः ओळखपत्र घेऊन खिडकीवर यावं, मग होईल. पण खिडकी साडेतीनला बंद होते."

घड्याळात तीन वाजून एकोणतीस मिनिटे झाली होती. रुग्णालय चाळीस मिनिटांच्या अंतरावर होते.

शतांशरावांनी फोन ठेवला. पत्नी खुर्चीत बसल्या होत्या, हात मांडीवर, नजर खिडकीकडे. खिडकीत त्यांना काय दिसत होते कोण जाणे; बहुधा नुसताच उजेड. "पुन्हा सात महिने," त्या हळूच म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे, हिशेब म्हणून. पण शतांशरावांना तो आवाज कानशिलावर बसल्यासारखा लागला. माल नाकारताना कारागिरांचे चेहरे त्यांनी एकतीस वर्षे पाहिले होते. ते कसले चेहरे असतात हे त्यांना आज पहिल्यांदा आतून कळले.

अशा वेळी दार वाजणारच. वाजले. पोस्टमास्तर आत आले. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली तरी दुसऱ्याचे टपाल वेळेवर पोचवावे ही त्यांची तळमळ गेली नव्हती, आणि घरातला आरडाओरडा जिन्यातून वर पोचला होता.

"साहेब, मी सांगू का?" ते म्हणाले. 'नको' म्हटल्याने ते थांबले असते असा पूर्वेतिहास नव्हता. "पासवर्ड हा पोस्टकार्डासारखा असावा. सगळ्यांनी वाचला तरी काही बिघडत नाही. माझा बघा, पंधरा वर्षं एकच आहे, आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय."

"चोर आला तर?"

"वाचेल आणि जाईल. आमच्याकडे न्यायला आहे काय?"

"काका," सून मध्येच म्हणाली, "आत्ता वेळ पावणेचारची आहे. बाबा, हे भिंतीकडे तोंड करणं आता पुरे. कोणाचा तरी भाग चुकतोय. सगळ्यांनी मोठ्याने सांगू या, मी टाइप करते."

शतांशरावांच्या साऱ्या पद्धतीचा पाया एका वाक्यात उखडला गेला. पण पत्नीचे हात मांडीवर तसेच होते. त्यांनी मान हलवली.

"आई, तुम्ही आधी."

"चार, शून्य, सात, एक, नऊ."

"हे काय आहे?" शतांशरावांनी न राहवून विचारले.

"माझा बैठक क्रमांक. पदवीच्या शेवटच्या परीक्षेचा."

"इतक्या वर्षांनी तो लक्षात आहे?"

"प्रथम श्रेणी मिळाली की राहतो लक्षात."

शतांशरावांना तंत्रनिकेतनात द्वितीय श्रेणी मिळाली होती. लग्नाला अडतीस वर्षे होऊन गेली, पण हा मुद्दा या घरात आजवर कधी निघाला नव्हता. पोस्टमास्तरांच्या देखत निघाला.

"आता तू," त्यांनी घाईने मुलाकडे मोर्चा वळवला.

मुलगा एका वाहतूक कंपनीत वेळापत्रके आखत असे. शुक्रवारी घरूनच काम करी. त्याने घसा साफ केला. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

"मोजून दाखवू नकोस. भाग सांग."

"तोच भाग आहे, बाबा."

दोन तास व्याख्यान देऊन, तीन आकृत्या काढून आणि एक तक्ता भिंतीवर लावून ज्या मुलाला त्यांनी पासवर्डचे शास्त्र शिकवले होते, त्याने तिजोरीच्या चार कुलपांपैकी एका कुलपाला दोरी बांधली होती.

"लक्षात राहावा म्हणून," मुलगा पुटपुटला.

सुनेने स्वतःचे सहा आकडे बोलत बोलतच टाइप केले. "हा आमच्या घरचा जुना फोन. माहेरचा. तो फोन कधीच काढून टाकला. पण बोटांना पाठ आहे," ती म्हणाली, आणि सासूबाईंनी न दिसणाऱ्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिले.

"बाबा, तुमचा?"

"माझा मी टाकतो. बिनचूक आहे."

"सगळ्यांनी सांगितला ना पण."

"तपासनिसाची तपासणी होत नसते," शतांशराव म्हणाले. ते आपल्या खोलीत गेले, मिनिटभराने परतले आणि हाताने पडदा झाकून आपला भाग, वयाने थोरले म्हणून, सर्वांच्या आधीच्या जागी टाकला. मागील तिन्ही खेपांनाही ते असेच आत जाऊन आले होते. विचार एकाग्र करायला जात असावेत असे सर्वांनी मानले होते.

चौथा प्रयत्न. तिजोरी उघडली नाही.

"क्रम चुकला असेल," पोस्टमास्तर म्हणाले. "वयाच्या क्रमाने म्हणता, पण वय कोणतं धरलं? कागदावरचं की खरं? आमच्या खात्यात निम्मे लोक कागदावर लहान होते."

हे निखालस मूर्खपणाचे होते. पण बुडत्याला काडीचा आधार हवा असतो, आणि पत्नी हसून "माझं एक वर्ष कमी लावलंय खरं" म्हणाल्या, तेव्हा कोणालाच नाही म्हणायची हिंमत झाली नाही. क्रम फिरवून पाचवा प्रयत्न झाला. गेला.

"मी कदाचित सातपर्यंत गेलो असेन," मुलगा म्हणाला.

"कदाचित?"

"किंवा पाचपर्यंतच. जानेवारीत थंडी होती, बाबा, बोटं आखडली होती."

पाचपर्यंतचा सहावा प्रयत्न गेला. सातपर्यंतचा सातवा गेला. चार वाजून सव्वीस मिनिटे झाली. शतांशरावांनी कागदाच्या कोपऱ्यात "शिल्लक तीन" असे लिहिले, आणि पेन्सिलीचे टोक मोडले. कारखान्यात त्यांच्या पेन्सिलीचे टोक कधी मोडल्याचे कोणी पाहिले नव्हते.

"आता कोणी काही दाबायचं नाही," सून ठामपणे म्हणाली, आणि संगणक स्वतःकडे ओढून घेतला. मग तिने आवाज खाली आणला. "बाबा, रागावू नका. आमच्या प्रयोगशाळेत सात वेळा उत्तर चुकलं, की आम्ही रक्ताला दोष देत नाही. यंत्र तपासतो. आईंचा आकडा बरोबर आहे, माझा बरोबर आहे, आणि ह्यांचा..." तिने नवऱ्याकडे पाहिले, "ह्यांचा चुकवणं कोणालाच शक्य नाही. राहिला तुमचा. काय आहे तुमचा भाग?"

शतांशराव मोडकी पेन्सिल खाली ठेवत म्हणाले, "मला ठाऊक नाही."

"काय?" पोस्टमास्तर, मुलगा आणि पत्नी तिघांनी एका सुरात विचारले.

"मी आकडा पाठ केलेलाच नाही. पाठ केलेला आकडा विसरता येतो, झोपेत बडबडता येतो, कोणी गोडीगुलाबीने काढूनही घेऊ शकतो. माझी पद्धत वेगळी आहे. मी तो मोजतो."

ते सर्वांना आपल्या खोलीत घेऊन गेले. पश्चिमेच्या खिडकीखाली त्यांचे मेज होते. मेजावर एक जाड पितळी कडे होते, मनगटात सैल बसेल एवढे. पंपाच्या दांड्यावर चढवायचा बुश. कारखान्यात त्यांनी नाकारलेली ही पहिली वस्तू. शेजारच्या कपाटातून त्यांनी लाकडी पेटी काढली आणि पेटीतून मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शतांश मोजणारे ते पोलादी उपकरण.

"याचा बाहेरचा व्यास," ते म्हणाले. त्या स्थितीतही त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. "वस्तू विसरत नाही. माणूस विसरतो. प्रत्येक वेळी मोजायचं आणि चार आकडे टाकायचे. आज सात वेळा स्वतंत्र मोजला. सातही वेळा चौऱ्याहत्तर पूर्णांक पंचवीस. एका शतांशाचाही फरक नाही."

"मग सातही वेळा तेच चूक," सून म्हणाली आणि तिने कडे उचलले. लगेच "आई गं!" म्हणून ते मेजावर टाकले. "बाबा! चटका बसला!"

मे महिन्याचे ऊन दुपारपासून त्या खिडकीतून थेट मेजावर पडत होते.

शतांशरावांनी कड्यावर बोट टेकवले, आणि तंत्रनिकेतनातल्या पहिल्या वर्षाचा पहिला तास, फळ्यावरची खडूची अक्षरे आणि मास्तरांचा खर्जातला आवाज एकदम त्यांच्या अंगावर आला. तापमान न लिहिलेले माप म्हणजे अफवा. धातू तापला की फुगतो. हे त्यांनी शिकाऊ कारागिरांना शेकडो वेळा ऐकवले होते, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांना घरी पाठवले होते. जानेवारीतल्या त्या सकाळी सात वाजता हेच कडे गारठलेले होते. ज्या पासवर्डला चोर लागू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, तो ऋतूबरोबर बदलत होता.

ते खुर्चीत बसले. चेहरा असा झाला की पोस्टमास्तरांनीही तोंड मिटले.

"फ्रीजरमध्ये ठेवू या," मुलगा म्हणाला.

"फ्रीजरमध्ये जानेवारी नसतो," शतांशराव हताशपणे म्हणाले. "तिथे त्याहून बरंच खाली जातं. आणि नेमक्या तापमानाला यायला तास लागेल. वेळ?"

"चार चौतीस."

"मग हिशेब करावा लागेल."

रोज सकाळी खोलीचे तापमान वहीत टिपायची त्यांना सवय होती. अकरा जानेवारी: नऊ अंश. भिंतीवरची तापमापी खोलीच्या हवेपुरती; आजच्या कड्याला टेकवायला घरात ताप मोजायची काचेची नळी तेवढी होती; ती कड्याला लावली, तर बेचाळीसावर जाऊन अडली आणि पुढे जायला जागाच उरली नाही.

"चव्वेचाळीस धरू," शतांशराव म्हणाले.

पत्नीने मान वर केली. लग्नानंतर आजतागायत त्यांनी या माणसाच्या तोंडून 'धरू' हा शब्द ऐकला नव्हता.

पस्तीस अंशांचा फरक. पितळ दर अंशाला किती फुगते ते शतांशरावांना झोपेतही ठाऊक होते. त्यांनी मोडक्या पेन्सिलीने गुणाकार केला, मुलाने यंत्रावर पडताळला. पाच शतांश. पंचवीसमधून पाच गेले, वीस.

"चौऱ्याहत्तर पूर्णांक वीस," ते म्हणाले. "टाक."

सुनेने आधी सात, चार, दोन, शून्य टाकले, मग बाकीच्यांचे भाग. आठवा प्रयत्न. पडदा क्षणभर विचारात पडला, आणि नकाराची तांबडी ओळ उमटली.

शिल्लक दोन. चार वाजून त्रेचाळीस मिनिटे.

आता शतांशरावांच्या कपाळावर जो घाम आला तो उन्हाचा नव्हता. गुणाकार बरोबर होता. वही बरोबर होती. चव्वेचाळीस हा अंदाज एखाद्या अंशाने इकडेतिकडे असेल, पण तेवढ्याने शतांश हलत नाही. मग चुकले कोठे? तीन घेऊ? चार घेऊ? नुसत्या अंदाजाने दोन गोळ्या झाडायच्या, आणि नेम चुकला तर एकेचाळीसही पासवर्ड धुऊन जाणार, आणि त्यांच्याबरोबर सोमवारची सकाळ.

"मला माफ कर," ते एकदम म्हणाले. पत्नीकडे न बघता, मायक्रोमीटरकडे बघत. "तुझ्या डोळ्यासाठी एक चिठ्ठी पुरली असती. मी कारखाना उभा केला."

"माफी सोमवारी मागा," पत्नी म्हणाल्या. "आत्ता मला एक सांगा. ते कडं उन्हात तापलं, ठीक. पण ज्याने मोजता, ते कुठे होतं?"

"ते? ते पेटीत. कपाटात. सावलीत."

"सावलीत म्हणजे जानेवारीत का? या खोलीत मला बसवत नाहीये, अंगाची लाही होतेय. तापलेल्या वस्तूला मोजणारा मात्र गार राहिला, असं कसं होईल? अहो, मोजणाराही तापतोच की!"

शतांशराव उभे राहिले. खुर्ची मागे पडली, ती कोणी उचलली नाही.

"तेहतीस!" ते भिंतीवरच्या तापमापीकडे बघून ओरडले. "खोली तेहतीस अंश! पोलाद, चोवीस अंशांचा फरक! मोजणारं फुगलं की माप कमी दाखवतं! कडं पाच शतांश वाढलं, आणि त्यातले दोन या शहाण्याने गिळले!" शहाणा कोण, उपकरण की ते स्वतः, हे त्यांनी स्पष्ट केले नाही. "वाढ दिसली तीनच! पंचवीस वजा तीन! बावीस!"

"नक्की ना, बाबा?" सुनेची बोटे कळांवर थांबली होती.

शतांशराव 'नक्की' म्हणणार होते. एकतीस वर्षे ते हाच शब्द म्हणत आले होते. "नक्की नाही," ते म्हणाले. "पण हिशेब असा आहे. टाक."

चार, शून्य, सात, एक, नऊ यांच्या आधी सात, चार, दोन, दोन. मग एकपासून सहापर्यंत मोजणी. मग माहेरचा फोन. नववा प्रयत्न. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. पडदा काळा झाला, आणि मग एकेचाळीस ओळी एकाखाली एक शिस्तीत उभ्या राहिल्या.

पोस्टमास्तरांनी टाळी वाजवली आणि स्वतःच दचकले.

पण आनंद करायला वेळ नव्हता. रुग्णालयाचा पासवर्ड चोवीस अक्षरांचा होता, त्याची नक्कल करून चिकटवण्याची सोय शतांशरावांनी सुरक्षिततेसाठी बंद केलेली होती, आणि तो हाताने टाइप करावा लागला. मुलगा वाचत होता, सून टाइप करत होती. पत्नी प्रत्येक अक्षराला मान हलवत होत्या, जणू परीक्षेत उत्तरपत्रिका तपासून घेत आहेत. संकेतस्थळाचे चक्र फिरत राहिले. चार पंचावन्न. चार छप्पन्न. "माझा डोळा मिटला तरी हे चाक फिरताना दिसेल आता," पत्नी म्हणाल्या. चार सत्तावन्नला पान उघडले. सुनेने सासूबाईंचे बोट धरून होकाराच्या चौकोनावर नेले, आणि त्यांनीच ते दाबले.

होकार नोंदला गेला: चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे.

त्या रविवारी जेवणाच्या टेबलावर तिजोरीचा नवा पासवर्ड ठरला. तो पत्नीने ठरवला आणि मोठ्याने सांगितला. मुलाने तो एका कागदावर लिहिला, सुनेने पाकीट चिकटवले आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवले. दहा चुकांनंतर सगळे पुसून टाकणारी कळ उलटी फिरवण्यात आली. मोबाइलची सोय सुरू झाली. शतांशरावांचे जन्मगाव साडेचार महिन्यांनी पुन्हा मूळ जागी आले. त्यांनी फक्त एक दुरुस्ती सुचवली, की पाकिटावर तारीख असावी. ती एकमताने मान्य झाली, कारण तीत मोजण्यासारखे काही नव्हते.

सोमवारची शस्त्रक्रिया ठरल्या वेळी झाली. एकोणीस जूनला शेवटची तपासणी होती. पत्नी खुर्चीत ताठ बसल्या, डावा डोळा तळहाताने झाकला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरे वरपासून वाचू लागल्या. एकेक ओळ बारीक होत गेली, त्यांचा आवाज मात्र होता तसाच राहिला. खुर्चीपासून तक्त्यापर्यंतचे अंतर खरोखर सहा मीटर आहे का, हे पावले टाकून पाहण्याची शतांशरावांना अनावर इच्छा झाली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले आणि जागेवरून हलले नाहीत. डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहिले आणि कार्ड त्यांच्या हाती दिले.

उजवा डोळा: ६/६.